पन्नास लाखांचा बिबट्या: एका फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्यांच्या शिकारीचा हा मेसेज फिरत होता तोवर मी काणाडोळा केला. असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायला बसलं तर घरात स्वयंपाक व्हायचा नाही. पण कांदिवलीच्या चुलतभावाने तेच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या काकांना पाठवलं आणि काकांनी मला फोन करून विचारलं, "सरकार बिबट्या मारायचे परवाने काढतंय म्हणे, खरं का गं?" काकांचं घर उसाला लागून आहे. दिवेलागणीनंतर नातवंडांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. अशा माणसाला बाराव्या मजल्यावरून हे पाठवायचं म्हणजे कमाल आहे.

मेसेज थोडक्यात असा. आफ्रिकेत पैसे घेऊन शिकार करू देतात म्हणून तिथे प्राणी वाढले. मारलेल्या प्राण्याचं मुंडकं, कातडं घरी न्यायला अमेरिका-युरोपात मोकळीक आहे. आपल्याकडे मात्र कायद्याने बिबट्या माणसापेक्षा मोठा. तेव्हा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या पन्नास बिबट्यांचं प्रत्येकी पन्नास लाखांना लायसन्स द्या: पंचवीस कोटी तिजोरीत आणि हल्ले बंद. शेवटी शिकारी जिम कॉर्बेटचा दाखला, आणि का कोण जाणे, तिवरांमुळे होणारे डास.

काकांना उत्तर: नाही, असे परवाने निघत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची कलमं होती. १९९१ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. आणि "बिबट्या माणसापेक्षा मोठा" हे तर धादांत खोटं. त्याच कायद्याच्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नसेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. परवानगी मिळायला वेळ लागतो, लोकांचा धीर सुटतो, ही तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार वेगळी.

आफ्रिकेचा मुद्दा पूर्ण उडवून लावता येत नाही, नाइलाज आहे. नामिबियात गावांच्या समित्यांना शिकारीतून पैसा मिळतो आणि तिथे प्राणी टिकले. उलट केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथले मोठे प्राणी दोन तृतीयांशांनी घटले. फॉरवर्डवाल्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प तरी बसले असते. पण मग टांझानियाचंही लिहायला हवं. तिथे परवान्याची शिकार चालूच होती, तरी सरकारच्याच मोजणीत २००९ चे १,०९,००० हत्ती २०१४ मध्ये ४३,००० वर आले. चोरट्या शिकाऱ्यांनी मारले. श्रीमंत शिकारी आला की चोर पळतो, हे गणित तिथे तरी जुळलं नाही.

आणि आफ्रिकेपर्यंत जायचं कशाला? हा प्रयोग आपण करून बसलोय. स्वातंत्र्यानंतर वीसेक वर्षं आपल्याकडे शिकार कंपन्या होत्या. परदेशी पाहुणे यायचे, डॉलर द्यायचे, वाघ मारून कातडं घेऊन जायचे. १९७० मध्ये वाघाची शिकार देशभर बंद करावी लागली आणि १९७२ च्या मोजणीत वाघ निघाले १,८२७. शिकार बंद राहून २०२२ च्या मोजणीत तेच किमान ३,१६७. चित्त्याला तर तेवढीही सवड मिळाली नाही. कोरिया संस्थानाच्या (आजच्या छत्तीसगडमधल्या) महाराजांनी १९४७ मध्ये तीन चित्ते मारले, ते या देशातले शेवटचे ठरले. २०२२ मध्ये विमानाने नामिबियाहून चित्ते आणावे लागले ते म्हणूनच.

आता मुख्य वेडेपणा, पन्नास लाखांचं लायसन्स. बोरिवलीचं हे नॅशनल पार्क, म्हणजे संजय गांधी उद्यान, १०४ चौरस किलोमीटर. आत कान्हेरीच्या लेण्या, विहार आणि तुळशी तलाव, आदिवासी पाडे, पहाटे बोरिवली गेटमधून शिरणारी फिरायला येणारी मंडळी. भिंतीला टेकून मुलुंड, ठाणे, गोरेगाव. रायफलची गोळी किलोमीटरभर सहज जाते. ती झाडायची कुठल्या दिशेला, हे मेसेजवाल्याने सांगावं. २०१८ च्या मोजणीत उद्यान आणि आजूबाजूचा भाग धरून ४७ बिबटे होते. सगळे विकले तर यंदा पंचवीस कोटींच्या आसपास, आणि पुढच्या वर्षी काय विकणार?

बरं, पन्नास लाख मोजणारा गिऱ्हाईक कुठला बिबट्या निवडेल? धिप्पाड, चकचकीत कातडीचा नर. वस्तीजवळ शेळ्या उचलणारं, दात झिजलेलं जनावर त्याला दिवाणखान्यात कशाला हवंय? म्हणजे त्रास देणारा तिथेच राहणार आणि आपली हद्द राखून असलेला नर जाणार. अशी हद्द मोकळी झाली की बाहेरचे तरुण बिबटे आत शिरतात.

बिबटे हटवून हल्ले थांबत नाहीत, याचा पुरावा काकांच्याच तालुक्यात आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला अभ्यास जुन्नर वनविभागाचा आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. मग मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायची मोहीम निघाली आणि हल्ले गेले वर्षाला १७ वर. त्यांत जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. तो अभ्यास गोळी घालण्याचा नाही, पकडून हलवण्याचा आहे, हे कबूल. पण "बिबटे उचला, हल्ले थांबतील" या समजुतीची परीक्षा झाली ती तिथेच, आणि ती नापास झाली. बाहेरचा बंदूकवाला आणला की किती धुरळा उडतो, तेही यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या वेळी, २०१८ मध्ये, आपण पाहिलंय.

मुंबईतला बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यासाठी. २०१८ च्या एका शोधनिबंधाच्या अंदाजानुसार उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात. कचराकुंडीला झाकण बसवायला लायसन्स लागत नाही.

परदेशातली "मोकळीक": ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने २०१५ मध्येच सिंहाच्या ट्रॉफी, म्हणजे मुंडकी-कातडी, आणणं बंद केलं. ब्रिटनच्या खालच्या सभागृहात २०२३ मध्ये बंदीचं विधेयक मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात अडकलं. अमेरिकेत २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने झिम्बाब्वेच्या हत्तींच्या ट्रॉफींसाठी दार उघडलं, गदारोळ झाल्यावर स्वतः ट्रम्प यांनीच थांबवलं, आणि २०१८ पासून एकेक अर्ज तपासून ठरवायचं असं झालं. ही मोकळीक नव्हे, ओढाताण आहे.

कॉर्बेटने नरभक्षक मारले, ते भिंतीवर टांगायची हौस असलेल्यांना भाड्याने दिले नाहीत. १८८३ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे कितीतरी सभासद शिकारी होते, हेही खरं. तेव्हा जंगल किती होतं तेही बघा. तिवरांबद्दल एवढंच: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांची तोड थांबवली, आणि डास आमच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीतही होतात.

आता काकांकडचं खरं दुखणं. थ्री-फेज वीज कित्येकदा रात्रीची येते, म्हणून माणसं अंधारात उसाला पाणी द्यायला जातात. बिबट्याच्या मादीची पिल्लंही त्याच उसात वाढतात. दिवसा वीज द्या, ही तिकडची जुनी मागणी आहे. चुलतभावाच्या मेसेजमध्ये पंचवीस कोटींचा हिशोब आहे, विजेचा उल्लेख नाही.