भिंती राहू द्या, तो स्तंभालेख बघा

संगणकशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक रँडी पॉश यांच्या २००७ मधल्या निरोपाच्या व्याख्यानावर आलेल्या लेखात त्यातल्या फक्त ‘अडथळ्यांच्या भिंती’ (एखादी गोष्ट आपल्याला किती मनापासून हवी आहे, हे दाखवायलाच अडथळे असतात, हा विचार) तेवढ्या उचलल्यात. शिक्षकाला उपयोगी पडेल नेमकं तेच सुटलं! कार्नेगी मेलन विद्यापीठातला त्यांचा, संगणकावर आभासी जगं बनवण्याचा कोर्स बघा: वेगवेगळ्या विभागांतली ५० मुलं, चौघांचे गट, दोन आठवड्यांत प्रकल्प उरकला की गट मोडून नवे. ‘याच्याबरोबर काम करणं किती सोपं?’ याचे गुण गटातले सोबतीच द्यायचे आणि त्यात आपण वर्गात कुठे आहोत ते प्रत्येकाला स्तंभालेखात दिसायचं.

आपल्या वर्गात हे करताना गाडं दोन ठिकाणी अडतं. गट मुलांनीच पाडले की दोस्तीखात्यात सगळ्यांना दहापैकी दहा. चिठ्ठ्या टाकूनच पाडा. आणि गुण वर्षाअखेरीस दाखवले तर सुधारायला पुढचा प्रकल्पच उरत नाही. पहिल्या प्रकल्पानंतर लगेच दाखवा, इतरांची नावं झाकून.