रक्त, डाळीचं पाणी आणि तो मेसेज

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. मुलांची उंची रक्तातच असते, गरिबी-श्रीमंतीचा संबंध नाही. अंगणवाडीचे उंची-वजनाचे तक्ते गोऱ्या मुलांवरून काढलेत. दात येईपर्यंत डाळीचं पाणी पुरे. मी दुर्लक्षच केलं असतं. पण परवा विक्रोळीला धाकट्या बहिणीकडे गेले, तर तिने दहा महिन्यांच्या लेकीला वजनाला न्यायचंच बंद केलेलं. "ताई, आपल्यात सगळे ठेंगणेच गं."

ते तक्ते जागतिक आरोग्य संघटनेचे, २००६ सालचे. त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि (महाशय, कान उघडे ठेवा) भारत, अशा सहा देशांतली सुमारे ८,५०० मुलं मोजली. आपली मुलं होती दक्षिण दिल्लीतल्या खाऊनपिऊन सुखी घरांतली. आईचं दूध, वेळेवर वरचं अन्न, बरी राहणी मिळाल्यावर पाच वर्षांपर्यंत सगळ्यांची उंची जवळपास सारखीच वाढली. आता कुठली गोरी मुलं?

उंच आईबापांची पोरं उंच होतात, बरं, मान्य. पण आमची आई ठेंगणी का? बहात्तरच्या दुष्काळात ती तीन वर्षांची होती, सुकडीवर जगली. तेही रक्तच म्हणायचं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात १०० पैकी ४६ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, सर्वांत श्रीमंतांत २३. पगार वाढला की रक्त बदलतं वाटतं!

पण माझं डोकं खरं फिरलं ते डाळीच्या पाण्यावरून. बहिणीने माझ्यासमोर कुकर उघडला, वरवरचं पिवळं पाणी पोरीच्या वाटीत ओतलं आणि खालची डाळ जावईबापूंच्या डब्यात भरली. एवढुसं पोट, ते पाण्यानेच भरतं. मग अंगाला लागणार काय? सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर दाट अन्न हवं, चमचा तिरका केला तरी न सांडणारं. दातांची वाट बघायची गरज नाही, हिरड्या पुरतात. मी डाळ-भात कुस्करून वर तूप घातलं. पोरीने वाटी संपवली आणि माझं बोट धरून चोखत बसली.

आणि हो, मेसेजच्या तळाशी उंची वाढवणाऱ्या पावडरीची लिंक आहे. उंची रक्तातच असते ना?