शांत रस्त्यावरची किरकिर

सायकल-सहलीच्या जाहिरातीत 'शांत, वाहनमुक्त मार्ग' असं लिहिणारा माणूस स्वतः त्या मार्गावर सायकल घेऊन कधी गेलेला नसावा, असा मला दाट संशय आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सायकलचं मडगार्ड गळून पडलं तरी मागून हाक मारल्याशिवाय आपल्याला कळत नाही. दक्षिण स्पेनच्या ऑलिव्हच्या टेकड्यांत मात्र तिसऱ्याच किलोमीटरला एक बारीक 'कुईं' कानावर येते. झालं. तिथून पुढे डोंगर, रानफुलं, आभाळात घिरट्या घालणारी गिधाडं, सगळं त्या कुईंच्या मागे रांगेत उभं राहतं.

उदाहरणादाखल व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा हा मार्ग घ्या. काडिझ आणि सेव्हिल प्रांतांच्या सीमेवर, ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो, ३६ किलोमीटर, ३० बोगदे, ४ उंच पूल. १९२० च्या दशकात जेरेस ते अल्मार्गेन असा रेल्वेमार्ग बांधायला घेतला होता. बोगदे खोदून झाले, पूल झाले, स्टेशनंही उभी राहिली. आगगाडी मात्र कधीच धावली नाही. आपल्याकडे एखादा रेल्वेमार्ग सर्वेक्षणातच म्हातारा होतो. यांनी सगळा लग्नमंडप सजवला आणि नवरदेवच आला नाही. १९९३ पासून स्पेनने अशा बंद किंवा अर्धवट रेल्वेमार्गांवर चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सोय करायला घेतली, आणि आज असे ३००० किलोमीटरपेक्षा जास्त मार्ग तयार आहेत.

रेल्वेच्या वाटेवर सायकल चालवण्यात मोठं सुख आहे, कारण आगगाडीला चढ झेपत नाही. शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ आला की इंजिन हाशहुश करायला लागतं, म्हणून इंजिनिअर डोंगराला वळसा घालतो नाहीतर त्याला भोक पाडतो. तुमचे गुडघे आणि वाफेचं इंजिन यांचं मत या बाबतीत एकच असतं. शिवाय ओल्वेराहून निघालात तर एकंदर उतारच आहे. पुएर्तो सेरानोहून निघायचं कोणी सुचवलं तर त्या माणसाशी आपले संबंध नेमके कसे आहेत ते एकदा तपासून घ्यावं.

तर ती कुईं. दोघं जण बरोबर असतील तर प्रत्येकाला ती दुसऱ्याच्या सायकलची वाटते, आणि पहिले दहा किलोमीटर त्यातच जातात. खरा तपास वैद्याने नाडी बघावी तसा करायचा असतो. पेडल मारणं थांबवा आणि सायकल आपली आपण पळू द्या. आवाज थांबला तर दोष चेन, पेडल किंवा बॉटम ब्रॅकेटकडे, म्हणजे पेडलांचा आस ज्यात फिरतो त्या भागाकडे. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा सामान. मग सीटवरून उठून उभ्याने पेडल मारा. आता बंद झाला? मग सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा उभा दांडा, किंवा सीटखालचे दोन दांडे जिथे आवळलेले असतात ती जागा. पेडलच्या दर फेरीला नेमका एकदा 'टक्' येत असेल तर पेडल किंवा क्रँकचा, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लावलेलं असतं त्याचा, बोल्ट सैल. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सायकल पिशवीत भरण्यासाठी पेडल काढताना अनेक सुशिक्षित माणसं डावं पेडल जीव खाऊन आवळत बसतात आणि 'गंजलंय बहुतेक' असा निष्कर्ष काढतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवायचा, म्हणजे दोन्ही पेडलं सुटतात. हे वाक्य पाठ करून ठेवावं. विमानतळावर सुचत नाही.

तरी दहापैकी सात वेळा गुन्हेगार चेनच निघते. या भागातली माती चुनखडीची, पांढरी आणि पिठासारखी बारीक. चेनला घट्ट तेल पाजलंत की ती धूळ त्यात कालवली जाते आणि तासाभरात चेनवर काळी चटणी तयार होते. ही चटणी पॉलिश पेपरचं काम करते, चेनही खाते आणि दातेही. म्हणून इथे मेणाचं, कोरडं वंगण वापरायचं. चेनच्या एकशे दहा-बारा कड्या असतात. एकेका कडीच्या रोलरवर एकेक थेंब, रात्री, आणि सकाळी वरून फडक्याने कोरडं पुसायचं. वंगण आत हवं, बाहेर दिसलं की ते धुळीला आमंत्रण. घाईघाईत स्प्रे मारू नये. त्याचा तुषार ब्रेकच्या डिस्कवर बसतो आणि मग कुईं जाऊन तिच्या जागी अशी किंकाळी येते की शेजारच्या टेकडीवरच्या बकऱ्या चरायच्या थांबतात. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसणे, पॅडचा वरचा थर हलक्या हाताने घासून काढणे, आणि तरीही नाही भागलं तर नवे पॅड. एवढं सगळं उलगडून, पुन्हा जुळवून, हात काळे करून झाल्यावर पुष्कळदा कळतं की कॅरिअरच्या पिशवीच्या झिपची ओढणी दांड्यावर आपटत होती. रबरबँड लावला की संपलं. रबरबँड मात्र हमखास त्याच पिशवीच्या तळाशी असतो.

बोगद्यांबद्दल थोडक्यात. या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा ९९० मीटरचा आहे. आत दिवे आहेत, तरी पुढचा दिवा आपला हवाच. आणि आत शिरण्यापूर्वी काळा गॉगल काढावा. हे सांगायची वेळ यावी हे लाजिरवाणं आहे, पण येते. आतली हवा माठातल्या पाण्यासारखी गार, आणि कुईं शिल्लक असेल तर ती तिथे समूहगान होऊन परत येते.

आता सराटे. परदेशात गेल्यावर गावाकडची ओळख निघावी तसा हा काटा तुम्हाला स्पेनमध्ये भेटतो. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, आपला सराटा, औषधात घालतात तो गोखरू. स्पॅनिशमध्ये आब्रोखो. जमिनीलगत पसरणारी निरुपद्रवी दिसणारी वेल, पिवळी इवली फुलं, आणि उन्हाळा सरताना वाळलेली शिंगाळी फळं, जी कशीही पडली तरी एक टोक वर ठेवून पडतात. मळलेल्या वाटेच्या मधोमध ती क्वचित असतात. असतात कडेला, म्हणजे नेमकं जिथे आपण फोटोसाठी सायकल आडवी करतो तिथे. फोटो गिधाडांचा हवा असतो. वाटेतल्या साफ्रामागॉनच्या सुळक्यावर ती शेकड्यांनी राहतात आणि पंक्चर काढणाऱ्या माणसाकडे वरून फार सहृदयतेने बघतात.

पंक्चरच्या वेळी सगळ्यांची एकच चूक होते. नवी ट्यूब घालायची, हवा भरायची, दोनशे मीटर जायचं आणि पुन्हा फुस्स, कारण काटा टायरमध्ये तसाच आहे. त्यासाठी टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर येईल असं बसवायचं. मग ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं की टायरमध्ये काटा कुठे ते बोटावर मोजून सापडतं. टायर आतून चाचपायला बोट नको, फडकं वापरा. फडकं अडकतं, बोट रक्ताळतं. ट्यूबलेस टायर असेल तर चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ६० मिलिलिटर सीलंट लागतं, काटा उपटून चाक फिरवलं की भोक आपोआप बुजतं. पण उन्हात हे सीलंट दोन-चार महिन्यांत वाळून रबराची पुरी होते. मागच्या दिवाळीत भरलेल्या सीलंटवर या एप्रिलमध्ये भरवसा ठेवू नये. हवा किती? पंचाहत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलो सामान असेल तर मागे ४५, पुढे ४० पीएसआय. 'टणक भर रे' ही सवय खडीवर दातांना महागात पडते.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर सोडून इथे येऊ नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि ऑलिव्हच्या झाडाची सावली म्हणजे जाळीचा रुमाल. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, पाऊण लिटरच्या दोन बाटल्या कमीत कमी. वाटेतल्या झऱ्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. आणि झाडावरचं ऑलिव्ह तोडून चाखू नका. सगळे चाखतात, तुम्हीही चाखालच. कच्च्या आवळ्यावर पाणी प्यायलं की निदान तोंड गोड होतं. ऑलिव्हमधल्या ओल्युरोपीन नावाच्या कडू द्रव्यापुढे पाणी, साखर, देवाचं नाव, कशाचाच इलाज चालत नाही.

संध्याकाळी मुक्कामाचं गाव दिसतं. पांढरीशुभ्र घरं, चर्च, किल्ला, आणि सगळं डोंगराच्या डोक्यावर. मध्ययुगात शत्रू खालून यायचा म्हणून लोक वर राहिले; तुम्हीही खालूनच येता. दिवसभर दोन टक्क्यांच्या लाडात वाढलेल्या पायांना शेवटच्या गल्लीत पंधरा टक्के चढ मिळतो. पुढचं लहान चक्र ३० दात्यांचं आणि मागचं मोठं ३६ चं असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.८ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किलोमीटर. शेजारून हातात पाव घेऊन चढणाऱ्या आजीबाई त्याच वेगाने येतात, वर 'आनिमो!' म्हणून धीर देतात. खाली उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. फक्त पॅनिअरची, म्हणजे कॅरिअरला टांगलेल्या पिशवीची, बाजू पोटरीला लागणार नाही अशा अंगाने ढकलावी.

आणि तुम्ही पोचता सव्वाचारला. दुकानं दोनला बंद झालेली, पाचशिवाय उघडणार नाहीत. जेवण दोन ते चार होतं, ते गेलं. रात्रीचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला पेटेल. रविवार असेल तर किराणा दुकानाचं नावही काढू नका. म्हणून पिशवीत बदाम, खजूर आणि सकाळचा अर्धा पाव हवाच. शाकाहारी असाल तर सकाळचा नाश्ता बिनधोक आहे: भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, मीठ. दोन मागा, लाजू नका. दुपारनंतर मात्र भाषेची परीक्षा सुरू होते. 'बोकादिय्यो वेहेताल', म्हणजे शब्दशः भाजीचं सँडविच, त्यात ट्यूना मासा आणि अंडं असतं. 'सालमोरेखो' हे टोमॅटोचं गार, दाट सार, त्यावर हॅमचे तुकडे भुरभुरलेले. 'मांस नको' म्हटलं की मासा येतो, कारण मासा हे मांस नव्हे, आणि हॅम तर त्यांच्या लेखी कोथिंबीर.

नऊ वाजता वेटर येतो. आपण पाठ केलेलं वाक्य म्हणतो: एक एन्सालादा मिक्स्ता, म्हणजे मिश्र सॅलड, ट्यूना नको. तो गंभीरपणे लिहून घेतो, आपल्या संयमाबद्दल आदराने मान हलवतो, आणि ट्यूना वगळल्याची भरपाई म्हणून सॅलडवर दुप्पट हॅम घालून आणतो.