सात बाय पाच

तंबूच्या पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असं छापलं होतं. कोणती दोन माणसं, ते छापलं नव्हतं. मी आणि माझा मेहुणा ही जोडी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नक्कीच नसणार. तरी म्हटलं, सात फूट लांब, पाच फूट रुंद, एवढीच तर जमीन हवी. चतुर्थीला आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी तेवढ्यात चार चुलतभाऊ झोपतात आणि पाचवा येऊन "जरा सरका" म्हणतो.

मेहुण्याने उन्हाळाभर मोबाइलवर हिमालय पाहिला होता. तिथे हिरव्या कुरणावर एकच तंबू असतो, बाहेर किटलीतून वाफ येत असते, आणि लोक सकाळी उठल्यावरही छान दिसतात. "भावोजी, आपल्या सत्तरीच्या डोंगरांत काय कमी आहे?" असं त्याने विचारलं. कुरण कमी आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

नोव्हेंबरातला रविवार धरला. म्हादई अभयारण्यात दिवसभर डोंगर चढायचा आणि रात्री मुक्काम करायचा, असा बेत होता. अभयारण्य 1999 साली जाहीर झालेलं, 208 चौरस किलोमीटरचं. नाक्यावरच्या वनरक्षकाने आमचा कागद वाचला, मेहुण्याच्या पाठीवरचा तंबू वाचला आणि शांतपणे म्हणाला, "काळोख पडायच्या आत बाहेर. रात्रीचं आत राहायचं नाही." म्हणजे 208 चौरस किलोमीटर बाद. आत वाघ आहेत, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

चढाईबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी वर गेलो आणि खाली आलो. मोज्यांत इतकी कुसळं घुसली होती की ते काढून ठेवले तर उभे राहिले असते. सीमेबाहेर पडलो तेव्हा साडेचार वाजले होते. सहाला सूर्य मावळतो. दीड तासात पस्तीस चौरस फूट. पणजीत फ्लॅट शोधणाऱ्यालाही यापेक्षा जास्त मुदत मिळते.

पहिली जागा बघताच मेहुणा ओरडला, "हे घ्या कुरण!" तो सडा होता, कातळाचं पठार. अंगणासारखा सपाट, वर पिवळं गवत, समोर दरी. गवत चार बोटं बाजूला केलं की खाली जांभा. मेहुण्याने पहिली खुंटी ठेवून दगडाने ठोकली. ती वाकली. दुसरी वाकली. तिसरी टणकन उडून दरीत गेली. जांभ्याचे चिरे काढून आमच्या पूर्वजांनी घरं का बांधली, ते मला तिथे कळलं. त्या दगडाशी दुसरं काही करताच येत नाही. तेवढ्यात वारा आला आणि तंबू गोव्याची हद्द सोडून निघाला. दोघांनी त्याच्यावर पालथं पडून त्याला परत आणला.

मग ओहोळाकाठी उतरलो. मऊ वाळू, खुंटी लोण्यात गेल्यासारखी गेली. मी बूट काढायला बसलो तर शेजारी शेण. "गुरं येत असतील," मेहुणा म्हणाला. शेणाचा पो परातीएवढा होता आणि वाळूतल्या खुरांच्या ठशांत माझी मूठ मावत होती. गवा रेडा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे. राज्यप्राणी रात्री पाण्यावर येतो तेव्हा त्याच्या वाटेत सात बाय पाचचं काही असू नये. खुंट्या काढल्या.

पुढे आंब्याखाली अगदी हवी तशी जागा मिळाली. झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. ती खरोखरच झाडून ठेवलेली होती. बुंध्याशी पुरुषभर उंचीचं वारूळ, त्याला हळद-पिंजर, समोर ताजी अबोली. आमच्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपातच असते. मेहुणा शहाणा, त्याने तंबू खाली ठेवण्याऐवजी चपला बाजूला काढल्या. आम्ही हात जोडले, जागेबद्दल अवाक्षरही न काढता मागच्या पावलांनी निघालो.

एव्हाना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत चालली होती. डोंगरात सपाट जमीन सापडत नसते. कुणाच्या तरी आज्याने कुदळीने ती केलेली असते. म्हणून ती सापडते तेव्हा तिथे भाताची कुणगी असते, नाहीतर नारळ-सुपारीचं कुळागर, नाहीतर घर. कुळागरात तर मेहुण्याने आशेने पाहिलंही, पण तिथे वरून नारळ आणि खालून पाटाचं पाणी.

काळोखात दिवा दिसला. अंगणात एक म्हातारी काथ्याची दोरी वळत होती. आम्ही सगळी हकिकत सांगितली. तिने ती पुरती ऐकून घेतली आणि कळवळून विचारलं, "तुमकां घर ना रे?"

याला उत्तर नव्हतं. आहे, फोंड्याला, तीन बेडरूमचं, हे सांगायची लाज वाटली. तिने ओसरी देऊ केली. मेहुणा म्हणाला, "नको आजी, आम्हांला तंबूतच झोपायचंय." मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती काळोखात वाया गेली.

शेवटी तिने परसामागची काजूच्या दारूची भट्टी दाखवली. हंगाम मार्च ते मे, त्यामुळे भांडी पालथी, चूल थंड. शेजारी कातळात खोदलेली कोळंबी होती. या उथळ टाकीत बोंडं पायांनी तुडवतात, आणि रस वाहून जावा म्हणून तिला एका टोकाला तोंड असतं. उरलेल्या चोथ्यावर दगडांचं वजन ठेवलं की रात्रभर थेंबथेंब जो स्वच्छ रस उतरतो, आमच्या कोंकणीत 'देंवता', तो निरो. "हांगा न्हिदात," आजी म्हणाली. मेहुण्याने टेपने मोजलं. साडेसात बाय सव्वापाच. मला मिठी मारली.

खुंट्यांच्या जागी कोपऱ्यांत दगड ठेवले. आत शिरलो. मे महिन्यातल्या हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूचा, वास अजून येत होता, तेवढंच सुख. रस वाहायला ठेवलेला उतार डोळ्यांना दिसत नाही; पाठीला दहा मिनिटांत कळतो. मी तोंडाच्या बाजूला होतो, मेहुणा वरच्या. अकराला त्याचा गुडघा आला. बाराला कोपर. एकच्या सुमारास सबंध मेहुणा आला आणि ब्याण्णव किलोंनिशी माझ्यावर स्थिरावला. मी वर ढकलत होतो, तो झोपेत उतरत होता. साडेतीनला मी प्रयत्न सोडून दिले.

उजाडलं तेव्हा माझं डोकं तंबूसकट कोळंबीच्या तोंडातून बाहेर आलं होतं. समोर आजी चहाचे दोन पेले घेऊन उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, वरच्या मेहुण्याकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "गो, भायर यो! निरो देंवलो!"