झेंड्यावर तारीख आहे म्हणजे पुरावा झाला असं नाही

मे महिना आला की इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लटमधल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: 20 मे 1775ला शार्लटने अमेरिकेत सगळ्यात आधी स्वातंत्र्य जाहीर केलं, जेफरसनने वर्षभराने अमेरिकेचा 1776चा जाहीरनामा लिहिताना त्यातलीच वाक्यं उचलली, तारीख नॉर्थ कॅरोलायनाच्या झेंड्यावर आहे, अजून काय पुरावा पाहिजे? या गावाचा मला मनापासून अभिमान आहे म्हणूनच लिहितेय.

झेंड्याचं आधी. तो कायदा 1885चा, म्हणजे 110 वर्षांनी झालेला. त्यावरून तेव्हाचे लोक काय मानत होते ते कळतं, 1775मध्ये काय घडलं ते नाही. 20 मेच्या कार्यक्रमाला राष्ट्राध्यक्ष येऊन गेले वगैरेचंही तेच, टाफ्ट काय फोर्ड काय, समारंभाला आले होते, कागद तपासायला नाही.

आता जेफरसन. 20 मेचा म्हणतात तो मजकूर पहिल्यांदा छापून आला 30 एप्रिल 1819ला, रॅलेच्या पेपरात. मूळ कागद ज्याच्याकडे होते त्या जॉन मॅकनिट अलेक्झांडरचं घर 1800मध्ये जळालं, त्यात ते गेले आणि नंतर आठवणीतून लिहून काढले. तोवर 1776चा जाहीरनामा घराघरात पोचला होता, मग वाक्यं कुठून कुठे गेली असतील तुम्हीच बघा. म्हाताऱ्या साक्षीदारांनी स्वातंत्र्य जाहीर झाल्याचं सांगितलंय हे खरं, आणि ते खोटं बोलले असं मी अजिबात म्हणणार नाही, पण मधे चाळीसेक वर्षं गेली होती आणि त्यांना आठवत होतं ते 31 मेचं असू शकतं.

कारण 31 मे 1775चे मेक्लेनबर्गचे, म्हणजे शार्लट ज्या काउंटीत येतं तिचे, ठराव पक्के आहेत, त्याच जूनमध्ये चार्ल्सटनच्या पेपरात छापलेले. एकूण 20. ब्रिटिश राजाने आणि पार्लमेंटने दिलेले सगळे अधिकार रद्द, मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक लोकांच्या फौजेचे, अधिकारी लोकच निवडणार, यापुढे जो राजाकडून पद घेईल तो देशाचा शत्रू. शेवटच्या ठरावात तर चक्क खरेदीची यादी आहे, 300 पौंड बंदुकीची दारू, 600 पौंड शिसं, बंदुकांसाठी 1000 चकमकीचे दगड! फक्त एक अट ठेवली होती, पार्लमेंटने आपला हट्ट सोडेपर्यंत, म्हणून याला स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणता येत नाही. पण फिलाडेल्फियातल्या 1776च्या जाहीरनाम्याच्या वर्षभर आधी एका छोट्या काउंटीने एवढं छापून मोकळं व्हायचं, ही काय कमी हिंमत आहे का?

कोणी म्हणतं 20 आणि 31 हा जुन्या-नव्या कॅलेंडरचा 11 दिवसांचा फरक. नाही हो, ब्रिटिश राज्यात कॅलेंडर 1752लाच बदललं होतं.

20 मेचा कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाहीये. जुन्या वेशातले लोक, बंदुकांची सलामी, पोरांना घेऊन जरूर जा, फक्त तिथे ते वीस ठरावही मोठ्याने वाचले जावेत असं आयोजकांना सांगू या. आणि मेसेज पाठवायचाच असेल तर तारीख 31 मे करा, 'स्वातंत्र्य जाहीर केलं'च्या जागी 'ठराव केले' लिहा आणि 'जेफरसनने उचललं' ही ओळ काढून टाका.