पाणीपुरीवाल्याची बाजू घेणारी पोस्ट (मोठी आहे, चहा घेऊन बसा)

दसऱ्याच्या आसपास आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ठराव जवळजवळ पास झाला होता. गेटसमोर संध्याकाळी उभा राहणारा पाणीपुरीवाला हटवायचा, कारण बी विंगमधे काविळीचे सात पेशंट झालेत. धडाधड अंगठे पडत होते. मी एकटीनं लिहिलं की त्याचा संबंध दिसत नाही, आधी आपली टाकी बघूया. तर लगेच उत्तर, "ताई तुम्ही रोज खाता वाटतं त्याच्याकडे". हो खाते. तिखट जास्त, गोड कमी. पण मुद्दा तो नाहीये.

मी एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमधे आहे, डॉक्टर नाही, रक्त काढणारी आणि ट्यूबा फिरवणारी बाई आहे. रक्ताची ट्यूब मशीनमधे फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर सिरम राहतं, ते नॉर्मल माणसाचं असेल तर वाळलेल्या गवताच्या रंगाचं असतं. काविळीचं मात्र रिपोर्टची वाट न बघता कळतं, हळदीचं पाणी भरून ठेवल्यासारखं दिसतं. एका सोमवारी रॅकमधे अशा तीन ट्यूबा शेजारी शेजारी, आणि लेबलवरचे पत्ते बघितले तर तिन्ही आमच्याच बिल्डिंगचे. पोटात गोळाच आला एकदम. बिलिरुबिन (म्हणजे काविळीत रक्तात वाढणारा पिवळा रंग) आठ, नऊ, एकाचं अकरा (नॉर्मलला एकच्या आसपास असतं), एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला मार बसलाय का ते सांगणारी टेस्ट, हजाराच्या वर. पुढच्या टेस्टमधे हिपॅटायटिस ए, म्हणजे अन्न-पाण्यातून पोटात जाणारा काविळीचा व्हायरस, निघाला तिघांचाही.

आता गंमत बघा. ज्याला विचाराल तो परवाचं सांगतो. परवा लग्नात जेवलो, शनिवारी बाहेर चायनीज खाल्लं, काल उसाचा रस प्यायलो. आपल्याकडे एक शब्द आहे ना "बाधलं", तो शब्द नेहमी शेवटच्या घासाला चिकटतो. शिळी भाजी खाऊन रात्री उलट्या झाल्या तर ते ठीक आहे, काही जंतूंचं विष आधीच अन्नात तयार असतं, तीन-चार तासात दणका देतं. पण हिपॅटायटिस एचा हिशोब फार वेगळा आहे. पोटात गेल्यापासून आजारी पडेपर्यंत १५ ते ५० दिवस, बहुतेकांना चार आठवड्यांच्या आसपास. म्हणजे दसऱ्याला डोळे पिवळे दिसले तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवून काही हाती लागत नाही, गौरी-गणपतीत काय प्यायलो ते आठवायला लागतं!

इतका वेळ का लागतो, तर हा व्हायरस गिळला जातो, पोटातलं ॲसिड त्याला फारसं काही करू शकत नाही, आतड्यातून तो लिव्हरला पोचतो आणि तिथे पेशींमधे शिरून शांतपणे स्वतःच्या कॉप्या काढत बसतो, तेव्हा माणूस मस्त हिंडत-फिरत असतो. मग कधीतरी आपल्या शरीराच्या पोलिसांना पत्ता लागतो आणि ते त्या पेशींवरच तुटून पडतात, त्या मारामारीत लिव्हर सुजतं आणि डोळे पिवळे होतात. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे त्या माणसाच्या शौचातून व्हायरस सगळ्यात जास्त बाहेर पडत असतो. नंतर आपण त्याचं ताट-वाटी-पेला वेगळा करतो, लिफ्टमधे त्याच्यापासून चार हात लांब उभे राहतो (श्वासातून हा पसरत नाही हो, कृपा करा), पण जे पसरायचं ते तोपर्यंत पसरून गेलेलं असतं.

लहान मुलांचं तर अजून वेगळं. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना कावीळ दिसतच नाही, थोडी कणकण, एखाद दिवस जेवायला नको म्हणतात, शाळेला दांडी, संपलं. पण व्हायरस त्यांच्या शौचातूनही जातोच, आणि काही मुलांच्या तर मोठ्यांपेक्षा जास्त दिवस जातो. कोणाला कळणार?

इथे आमच्या ए विंगचे एक काका नेहमीचं वाक्य घेऊन आले, "आम्ही लहानपणी विहिरीचं, नदीचं, नळाचं कसलंही पाणी प्यायलो, आम्हाला कुठे काय झालं". काका, झालं होतं. तुम्हाला कळलं नाही. पाच वर्षांचे असताना होऊन गेलं, जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळाली आणि तुमच्या आईला वाटलं ऊन लागलं पोराला. आताची पोरं स्वच्छ फ्लॅटमधे वाढतात, लहानपणी त्यांची या व्हायरसशी गाठ पडत नाही, आणि पंचविशी-तिशीत पहिल्यांदा पडली की महिना-महिना झोपवतो. आमच्या सातातले पाच जण २२ ते ३६ वयाचे आहेत, विंगमधले एकही आजी-आजोबा नाहीत. आणि सातही जण एकाच विंगचे, म्हणून मला वाटलं की सगळ्यांनी एकाच ठिकाणचं काहीतरी पोटात घेतलंय. सातातली एक मुलगी घरून काम करते, बाहेरचं काही खात नाही, तिनं पाणीपुरी शेवटची कधी खाल्ली तेही तिला आठवेना. ए विंगमधे मात्र अर्धी पोरं त्या गाडीवर पडीक असतात आणि तिकडे एकही पेशंट नाही. फरक एवढाच की दोन्ही विंगच्या जमिनीखालच्या टाक्या वेगळ्या आहेत.

मग आठवलं. गौरी जेवणाच्या दिवशी बी विंगच्या मागचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं होतं. पाहुणे भरपूर, वापर भरपूर, घाण पाणी वर येऊन पार्किंगपर्यंत पसरलेलं, दीड दिवस माणूस मिळाला नाही सफाईला. आणि त्या चेंबरपासून टाकीचं झाकण किती लांब, तर माझी सहा पावलं. मधे जमिनीखालून पाण्याची लाईन जाते.

पाइपचं एक साधं गणित आहे जे मला आमच्या प्लंबरनं समजावलं, कुठल्या पुस्तकानं नाही. चोवीस तास पाणी असेल तर पाइपात दाब असतो, बारीक चीर असली तरी पाणी आतून बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. आपल्याकडे पाणी येतं दिवसातून दोन तास. बंद झालं की पाइप रिकामा होताना बाहेरचं आत ओढतो, आणि बाहेर चेंबरचं पाणी मुरलेलं असेल तर तेच ओढतो. नळाला पहिल्या पाच मिनिटात गढूळ, वास मारणारं पाणी येतं ना, ते उगाच नाही येत.

"पण आमच्याकडे फिल्टर आहे", हे मला सात घरांपैकी सहा घरांनी सांगितलं. आरओ चांगलाच आहे, नीट चालू असेल तर व्हायरसही अडवतो. पण एका वहिनींकडे मी ओट्याशी उभी राहून बघितलं. पिण्याचं पाणी फिल्टरचं, आणि पोह्यांवर घालायची कोथिंबीर मात्र सिंकच्या नळाखाली धरली, झटकली, चिरली, वर भुरभुरवली. काकडी तशीच, कोशिंबीर तशीच. दात घासून चूळ भरतो ते बेसिनचं पाणी. बर्फाचा ट्रे नळाखाली भरलेला. मी त्यांना काही बोलले नाही कारण माझ्याही घरी तेच चालतं, चालायचं म्हणजे.

सेक्रेटरींचं म्हणणं, "अहो टाकीत टीसीएल टाकतो आम्ही" (टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर). टाकता ते बरंच आहे, पण किती टाकता आणि त्यातलं उरतं किती? पाणी घाण असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. १९५५ च्या शेवटाला दिल्लीत पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून शहराचं पाणी उचलतात तिथे शिरलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉईड, हगवण वगैरे वाढले नाहीत, आणि सगळ्यांना वाटलं निभावलं. पुढच्या काही आठवड्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बॅक्टेरिया मेले, व्हायरस निसटला. खूप वर्षांनी जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा कळलं की तो ए नव्हताच, ज्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतात तो होता, जो गरोदर बायकांना फार वाईट गाठतो. आमच्याकडे ए निघाला हे त्यातल्या त्यात नशीब, कारण बी विंगमधे एक मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे. तिच्या सासूबाई मला रोज जिन्यात गाठून विचारायच्या.

दोन घरांनी काविळीची माळ आणली. गळ्यात घालायची, ती खाली खाली उतरत गेली की कावीळ उतरली. ओल्या काड्या असतात त्या, वाळल्या की आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांब होते, ती खुंटीवर टांगली तरी लांब होईल. आणि ए ची कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते काही आठवड्यात, म्हणून माळेचं नाव होतं. माळेवर माझा राग नाही, घाला. पण पेशंट असंबद्ध बोलायला लागला, दिवसभर झोपाळल्यासारखा पडून राहिला, तर माळ किती उतरली ते मोजत बसू नका, गाडी काढा आणि हॉस्पिटल गाठा.

मला खरं जे बोलायचंय ते हे की आपण जंतूचं नाव पाठ करतो आणि त्याची वाट विचारत नाही. हे आजचं नाही. प्लेगचा जंतू यर्सिननं हाँगकाँगमधे १८९४ सालीच शोधला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हा जंतू माहीत होता, तो येतो कसा हे माहीत नव्हतं. मग काय केलं, तर गटारात कार्बोलिक नावाचं जंतुनाशक ओतलं, भिंतींना चुना मारला, ऊन यावं म्हणून छपरं उघडली, लोकांच्या वस्तू जाळल्या, १८९७ मधे पुण्यात तर सोल्जर घराघरात घुसवले. त्याचं पुढे काय झालं ते शाळेत शिकलोय आपण. आणि त्याच वर्षी मार्चमधे सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. उंदराच्या अंगावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत प्रयोग करून दाखवलं, तरी मोठ्या लोकांनी ते मानायला बरीच वर्षं घेतली. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. त्या बायकांना जंतू माहीत नव्हता पण वाट बरोबर कळली होती, कार्बोलिकवाल्या साहेबापेक्षा बरोबर.

आणि २०२० मधे आपण? दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, मेथीची जुडी सोड्यात बुडवली, कुरिअरचा बॉक्स दोन दिवस गॅलरीत उन्हात, आणि मग खिडक्या बंद करून एसीत पंधरा जण वाढदिवसाला बसलो. मी पण धुतल्यात पिशव्या, हसू नका. तो येत होता हवेतून आणि आपण फडकं मारत होतो पिशवीवर. आता उलटं झालंय, तेव्हाची सॅनिटायझरची सवय राहिली आहे, आणि लोक संडासातून येऊन हाताला दोन थेंब चोळून जेवायला बसतात. करोनाच्या व्हायरसभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोलनं ते फुटतं. हिपॅटायटिस एला असलं आवरण नाही, तो सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणी, चोळून चोळून, नखांच्या खालपर्यंत.

आणि संशय पहिला कोणावर जातो ते पण बघा ना. २०२० मधे कामवाल्या मावशींना गेटवर थांबवून कपाळावर ताप मोजायची बंदूक धरत होतो, परदेशातून आलेल्या शर्माजींच्या पोराला कोणी विचारलं नाही. आता पाणीपुरीवाला. रस्त्यावरचं पाणी कायम सुरक्षित असतं असं मी म्हणत नाहीये, त्याच्यामुळेही होऊ शकतं, पण मग पेशंट दोन्ही विंगमधे व्हायला हवे होते ना.

शेवटी टाकी रिकामी केली, तळाशी चार बोटं गाळ निघाला, आणि भिंतीला चेंबरच्या बाजूनं ओल. प्लंबरनं नुसतं बोट लावून दाखवलं, सेक्रेटरी काही बोलले नाहीत. टाकी घासली, लाईन बदलून वरून घेतली, पेशंट आठवर थांबले. चेंबर हलवायचं एस्टिमेट आलंय, आकडा बघून मीटिंग कोरमअभावी तहकूब झालीय, दोनदा. पाणीपुरीवाल्याला मधले पंधरा दिवस वॉचमननं उभं राहू दिलं नव्हतं, आता येतो परत. त्याला कोणी सॉरी म्हटलेलं नाही.

मी लॅबमधून ओटीची (ऑर्थोटोलिडिन, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं औषध) बाटली आणून ठेवलीय. दर रविवारी सकाळी बी विंगच्या नळाचं पाणी छोट्या ट्यूबमधे घेते, थेंब टाकते, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. परवा पहिल्या मजल्यावरचा नातू बाजूला उभा होता. ट्यूब पिवळी झाली तसा ओरडत घरात पळाला, "आजी, नळाला कावीळ झाली!" आजी लाटणं हातात घेऊनच बाहेर. त्यांना समजावता समजावता माझा चहा पार गार झाला.