वाडा पाडण्याचे घरगुती उपाय

वाडवडिलांनी तुमच्यासाठी मागे एखादा वाडा ठेवला असेल आणि तो अजून उभा असेल, तर आधी तुमचं सांत्वन करतो. पेठेतली मोक्याची जागा, आणि तिच्यावर ही दीडदोनशे वर्षांची अडगळ! पाडायला जावं तर हेरिटेजवाले येतात, भाडेकरू कोर्टात जातात, आणि एरवी ढुंकूनही न बघणारे माझ्यासारखे लोक फोटो टाकून हळहळतात. तेव्हा पाडायच्या फंदात पडू नका. वाडा पाडायचा नसतो, पडू द्यायचा असतो. त्याचं एक शास्त्र आहे. गेल्या रविवारी पुण्याच्या शनिवार पेठेत मला त्याचं प्रात्यक्षिक फुकटात बघायला मिळालं, म्हणून म्हटलं, गरजूंना सांगून टाकावं.

उपाय पहिला. कौल सरकलंय? सरकू द्या.

खरं तर लेख इथेच संपायला हरकत नाही, कारण पुढचं सगळं पाऊस करतो. एक कौल म्हणजे एक धार. ती आज ना उद्या तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पोचते. उघड्यावरच्या कोरड्या सागवानाला दोनशे वर्षं काही होत नाही, पण भिंतीतलं टोक सारखं ओलं राहिलं की काही पावसाळ्यांत ते बोटाने उकरता येतं. बाहेरून तुळई ताठ, आतून भुसा. त्यात भिंत पांढऱ्या मातीची असेल तर सोन्याहून पिवळं. ती पाणी पीत पीत एक दिवस पोट काढते आणि बसते. तुम्ही तेव्हा गावाला असा, म्हणजे झालं.

उपाय दुसरा. भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नका. आपण धार्मिक माणसं आहोत.

उपाय तिसरा. प्रॉपर्टी कार्डावर निदान सतरा नावं हवीत. त्यांतली दोन अमेरिकेत, एक कैलासवासी पण कागदावर हयात, आणि एक तरी ‘मला काही नको हो, पण मला विचारलं नाही’ म्हणणारी. दुरुस्तीला सतराच्या सतरा सह्या लागतात. छप्पर गळायला एकही लागत नाही.

उपाय चौथा, भाडेकरू. यात सरकारने आपल्याला मोठाच हात दिला. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं ते सप्टेंबर १९४०च्या आकड्यावर. बारा रुपये देणारा म्हणतो, छप्पर मालकाने नीट करावं. बारा रुपये घेणारा म्हणतो, बारा रुपयांत चार कौलं तरी येतात का? दोघंही खरंच बोलतात, आणि त्यांचं भांडण मिटेपर्यंत पाणी आपलं काम करत राहतं. (या एका बाबतीत मालकांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. मात्र भाडेकरू पैसे घेऊन गेले, खोल्या मोकळ्या झाल्या, तरी कौल तिथेच सरकलेलं दिसतं, तेव्हा ती सहानुभूती आटते.)

उपाय पाचवा, वाड्याचा वापर. इथे जरा सविस्तर सांगावं लागेल.

आमची आत्या चौऱ्याऐंशीची, इंदूरला मुलाकडे असते. या खेपेला आली आणि म्हणाली, ‘अरे, एकदा सासर दाखवून आण.’ सासर म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या, भाड्याच्याच. लग्न होऊन वर्ष झालं आणि पानशेतचं धरण फुटलं. १२ जुलै १९६१. पाणी जिन्याच्या आठव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे तिने रिक्षात बसल्यापासून मला तीनदा सांगितलं. आसपासची कितीतरी घरं त्या पुरात बसली. हा वाडा उभा राहिला, कारण त्याचं जोतं घडीव दगडाचं आणि खालचा मजला भाजक्या विटांचा होता. पाणी ओसरल्यावर घरातल्यांनी पाट्या भरभरून गाळ उपसला आणि चौथ्या दिवशी चूल पेटवली.

तर आम्ही गेलो. दिंडी दरवाज्याच्या जागी शटर. ओसरीवर मोबाइलच्या कव्हरचा होलसेल धंदा. चौकात दाटीवाटीने वीस-पंचवीस दुचाक्या. ज्या हौदात एके काळी कात्रजच्या नळाचं पाणी यायचं, त्यावर फरशी टाकून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मांडलेल्या. आणि माजघरात अभ्यासिका. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक पोरगं, समोर एमपीएससीच्या नोट्स, वर ‘एक दिवस मी साहेब होणार’ असली चिठ्ठी. आत्या उंबऱ्यातून म्हणाली, ‘हे बघ, इथे जातं होतं.’ तर कोपऱ्यातून आवाज आला, ‘आजी, शूऽऽ!’

जिथे पहाटे चारला जात्यावर ओव्या म्हटल्या, तिथे तिला गप्प बसायला सांगण्यात आलं! ती खरंच गप्प बसली, आणि पुढचं घर तिने मला नुसतं बोटाने दाखवलं. देवघर. फडताळ. बाळंतिणीची खोली.

पण थांबा, माझा राग त्या पोरावर नाही. तो बीड नाहीतर लातूरकडून आलेला असणार, एका वेळच्या मेसवर दिवस काढत असणार. माजघरात कोणी अभ्यास करतंय यात वाईट काय आहे? जात्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

राग आला तो जिन्यापाशी. तिथे कुलूप होतं आणि कुलपाशेजारी खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. ‘वर जाता येणार नाही. डेंजर आहे.’ मी चौकात येऊन वर पाहिलं. माडीचं अर्धं छप्पर उघडं, नुसते वासे. वाटलं, वादळात कौलं उडाली असतील. मग नजर खाली गेली. कौलं भिंतीशी रचून ठेवलेली होती. एकावर एक, सरळ थप्प्या, एकही फुटलेलं नाही. दर थप्पीवर खडूने आकडा.

मी विचारलं, ‘दुरुस्ती काढलीय का?’

‘नाही हो. साहेब म्हणाले, पावसाच्या आत उतरवून ठेवा.’

पावसाच्या आत! लोक पावसाच्या आत कौलं चाळून घेतात, पिढ्यान्पिढ्या घेत आले. इथे पावसाच्या आत ती उतरवून ठेवतात. आणि खाली, त्याच छपराखाली, तीसचाळीस पोरं महिन्याचे पैसे भरून राज्यघटना पाठ करत बसलेली! चौकातल्या चार खांबांपैकी दोन जागेवर नव्हते, तिथे लोखंडी टेकू दिलेले. ‘खांब कुठे गेले?’ म्हटलं, तर गृहस्थ अगदी कौतुकाने म्हणाले, ‘मुळशीला, रिसॉर्टवर. चांगला भाव आला. नक्षी होती ना!’

म्हणजे बघा. आधी खांब विकायचे. मग कौलं उतरवायची. मग दोन पावसाळे अभ्यासिका चालवून तेवढ्यात भाडं खायचं. मग महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आली की ती हार घालून दाराला लावायची, कारण ती नोटीस नसतेच, ते निमंत्रणपत्र असतं. मग एका रात्री भिंत बसते, पेपरात चार ओळी येतात, ‘सुदैवाने जीवितहानी नाही’. सुदैवाने! दैवाचा काय संबंध? आकडे घालून थप्प्या लावल्यात की!

असो. लेख उपरोधिक आहे, हे मी विसरत चाललोय.

उपाय सहावा. कुणी इतिहास काढलाच, तर ‘काळ बदलतो हो’ म्हणा आणि उदाहरणं तोंडावर फेका. पुण्यात ती रगड आहेत. शनिवारवाड्यात पेशवाई बुडाल्यावर तुरुंग होता, गोरगरिबांचा दवाखाना होता. १८२८ साली आग लागली आणि आत जोती तेवढी उरली. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एवढ्या हौसेने बांधला, त्याला तिथे धड पंधरा वर्षंही मिळाली नाहीत. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा बसली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग सरकारी शाळा, पोस्ट, नगरपालिकेची कचेरी. गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी बंगला १९४९ मध्ये विद्यापीठ झाला. येरवड्याच्या आगाखान पॅलेसात बेचाळीसला गांधीजींना डांबलं, कस्तुरबा तिथेच गेल्या, आज ते स्मारक आहे. मग आमच्याच वाड्यात मोबाइलची कव्हरं विकली तर आभाळ कोसळतं का?

युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त एक करा, ही यादी परत वाचू नका. वाचलीत तर लक्षात येईल की विश्रामबागवाड्यात पोस्ट आलं, कचेरी आली, १८७९ मध्ये आगीने त्याचा मोठा भाग खाल्ला, तोही पुन्हा उभा केला, आणि सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांचा तो सागवानी दर्शनी भाग आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. तो उभा आहे कारण त्याचा वापर बदलत राहिला. कुणीतरी रोज दार उघडत होतं, गळलं तर आरडाओरडा करत होतं. रिकामी वास्तू मरते. वापरातली जगते, मग ती शाळा असो, पोस्ट असो, नाहीतर अभ्यासिका असो.

आणि आपण काय केलं? आर्यन हे पुण्यातलं पहिलं सिनेमा थिएटर. त्याच्या जागी आज मंडईचा वाहनतळ आहे, लोक तिथे गाडी लावून भाजी आणायला जातात. मिनर्वा थिएटरचंही तेच. ‘कुठे लावलीस?’ ‘आर्यनला.’ एवढ्यापुरतं नाव उरलंय. भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. नंतर तिथे दुकानं आली, बँक आली, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, आणि वाडा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खचत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत तो पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण जी भिंत त्या पोरींनी बघितली ती जपता आली असती, तेव्हा आपण सगळे कुठे होतो? जयंतीला हार घालत होतो.

हे सगळं हसत हसत लिहीन असं वाटलं होतं. नाही जमत.

ज्यांची कौलं खडूने मोजून ठेवलीत त्या साहेबांनो, वाडा तुमचा आहे, मान्य. त्यातून पैसा काढा, तेही मान्य. उपाशी राहून वारसा सांभाळा असं कुणी म्हणत नाही. पण चाळीस पोरांच्या डोक्यावरचं छप्पर मुद्दाम कुजवायचं, त्यांच्याकडून त्याच छपराचं भाडं घ्यायचं आणि वर ‘जुनं झालं हो’ म्हणायचं, याला धंदा म्हणत नाहीत. सरळ पाडायची हिंमत नाही आणि सांभाळायची दानत नाही. पुराच्या पाण्याने जे केलं नाही ते तुम्ही शिडी लावून केलंत.

नोटिसा चिकटवणाऱ्यांनो, धोकादायक इमारत कुणी केली हे एकदा तरी वर चढून बघा. दर मे महिन्यात तोच कागद, तोच डिंक.

आणि आपण. होय, तुम्ही आणि मी. हेरिटेज वॉकला सकाळी सातला हजर, कोरीव दाराला टेकून फोटो, मग मिसळ. घरी परत यायचं ते ‘पेशवाई हाइट्स’च्या सातव्या मजल्यावर. मीसुद्धा सात वर्षं त्या गल्लीच्या तोंडावरून रोज ऑफिसला जातो. एकदाही आत वळलो नव्हतो. आत्या आली नसती तर या पावसाळ्यानंतर पेपरातल्या चार ओळी वाचून ‘अरेरे’ म्हणालो असतो आणि पान उलटलं असतं.

निघताना आत्याने थप्पीतलं एक कौल उचललं, पदराने पुसलं. गृहस्थ म्हणाले, ‘घेऊन जा आजी, आठवण म्हणून.’ ती म्हणाली, ‘आठवण कसली? ते वर ठेवा, जागेवर.’ आणि परत ठेवून दिलं.

तुमच्या आळीत असा एखादा वाडा असेल, तुमचा, मामाचा, शेजाऱ्याचा, तर हा लेख पुढे पाठवत बसू नका. पाऊस तोंडावर आलाय. वर चढा आणि ते सरकलेलं कौल नीट बसवा. शिडी नसेल तर माझ्याकडे आहे, बारा फुटी. रविवारी मी घरीच असतो.